गोंदिया जिल्ह्यातून ऑनलाइन शोधलेखन

महाविद्यालयीन विद्यार्थ्याला मुद्देसूद गद्य लिहायला, आधार शोधायला, ते पारखायला आणि आपल्या लेखनात त्यांची प्रामाणिक नोंद करायला शिकवणारा अभ्यासक्रम अमेरिकेतील विद्यापीठांत शंभराहून अधिक वर्षे चालू आहे. हार्वर्डने १८८५ च्या सुमारास पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना लेखनाचा पाठ सक्तीचा केला आणि इतर विद्यापीठांनी तोच कित्ता गिरवला. भारतात असा स्वतंत्र विषय रुजला नाही. शाळेत निबंध, पदवीला भाषेच्या पेपरात पत्रलेखन आणि सारांशलेखन, आणि मग एकदम पीएच.डी.च्या उंबरठ्यावर ‘रिसर्च मेथडॉलॉजी’ अशी इथली रीत. मधली काही वर्षे विद्यार्थी गाईडमधील उत्तरे पाठ करतो आणि त्याच्याकडून प्रबंधाची अपेक्षा केली जाते. हा खड्डा ऑनलाइन अभ्यासक्रमांनी भरून निघेल का, हा प्रश्न गोंदियासारख्या राज्याच्या पूर्व टोकावरील जिल्ह्याला अधिक निकडीचा आहे.

गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला. आठ तालुके, एका बाजूला मध्य प्रदेशातील बालाघाट, दुसऱ्या बाजूला छत्तीसगड. पदवी महाविद्यालये गोंदिया शहरात एकवटलेली असली तरी आमगाव, तिरोडा, गोरेगाव, देवरी, अर्जुनी मोरगाव अशा तालुक्यांच्या गावीही आहेत, आणि ती राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाशी संलग्न आहेत. विद्यापीठ, त्याचे मोठे ग्रंथालय आणि बहुतेक मार्गदर्शक नागपुरात. गोंदियाहून नागपूर रेल्वेने सुमारे १३० किलोमीटर. सालेकसा किंवा देवरीच्या आतल्या गावातून निघणाऱ्याचा एक दिवस पुस्तक पाहण्यातच जातो. ऑनलाइन शिक्षणाचा पहिला लाभ हा असा अगदी साधा आहे.

राज्यात नवे शैक्षणिक धोरण संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून लागू झाले आणि शोधलेखन पदवीच्या वर्गात येऊन बसले. फील्ड प्रोजेक्ट आणि समाजसहभागाचे काम आता क्रेडिटचा भाग आहे. चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स घ्यायची तर पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण लागतात आणि पुढे संशोधन प्रकल्प लिहावा लागतो. म्हणजे विसाव्या-एकविसाव्या वर्षी विद्यार्थ्याला प्रश्न मांडून, आधार गोळा करून, काही डझन पाने स्वतःच्या शब्दांत लिहायची आहेत. ते कसे करायचे हे शिकवणारा तास वेळापत्रकात बहुधा नसतो.

सध्या हाताशी असलेली मुख्य सोय म्हणजे केंद्र सरकारचे ‘स्वयम्’ हे व्यासपीठ. ते ९ जुलै २०१७ रोजी सुरू झाले. त्यावरच्या अभ्यासक्रमाला चार अंगे असतात : व्हिडिओ व्याख्यान, वाचनसाहित्य, स्वयंचाचणी आणि शंका विचारण्याचा मंच. नाव नोंदवायला पैसे लागत नाहीत, परीक्षेला बसायचे असेल तेवढेच शुल्क. आयआयटींनी चालवलेल्या ‘एनपीटीईएल’च्या अभ्यासक्रमांत चार, आठ किंवा बारा आठवडे असतात. दर आठवड्याच्या असाइनमेंटला मिळून २५ गुण आणि केंद्रावर जाऊन द्यायच्या परीक्षेला ७५. प्रमाणपत्रासाठी असाइनमेंटमध्ये किमान १० आणि परीक्षेत किमान ३० गुण हवेत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या नियमांनुसार एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम अशा रीतीने घेता येतात, परंतु क्रेडिट खात्यावर जमा होण्यासाठी महाविद्यालयाची संमती आधी घ्यावी लागते. कोर्स करून झाल्यावर ती मागणे म्हणजे पेरणी उरकल्यावर बियाणे शोधणे.

लेखनाशी थेट संबंध असलेले दोन अभ्यासक्रम विशेष परिचयाचे आहेत. हेमवतीनंदन बहुगुणा गढवाल विद्यापीठातील अजय सेमल्टी यांचा ‘अकॅडेमिक रायटिंग’ संशोधक आणि तरुण प्राध्यापकांसाठी आहे. त्यात शोधनिबंधाची अंगे, संदर्भ देण्याच्या पद्धती, वाङ्मयचौर्य, नियतकालिकांची निवड असे विषय येतात. आयआयटी रुडकीचे बिनोद मिश्रा यांचा ‘इफेक्टिव्ह रायटिंग’ त्याहून पायाभूत, वाक्य आणि परिच्छेद यांपासून सुरू होणारा. गोंदियातील पदवीच्या विद्यार्थ्याने दुसऱ्यापासून सुरुवात करावी. पहिल्याची खरी गरज प्रकल्प हाती आल्यावर भासते. पीएच.डी.ची नोंदणी करणाऱ्यांसाठी आयोगाने २०१९ च्या अखेरीस ‘संशोधन व प्रकाशन नीतिमत्ता’ हा दोन क्रेडिटचा पाठ सक्तीचा केला. तो बराच उशिरा, पीएच.डी.च्या दारातच भेटतो.

या सर्व अभ्यासक्रमांची एक मोठी उणीव मात्र झाकण्यात अर्थ नाही. हजारो विद्यार्थ्यांचे लेखन वाचायला माणसे नसतात, म्हणून असाइनमेंट बहुतेक वेळा पर्यायी प्रश्नांची असते. चांगला परिच्छेद कोणता, ते चारांतून ओळखायचे, लिहायचा नाही. व्याकरणाचा नियम किंवा संदर्भाची रचना अशी तपासता येते, पण युक्तिवाद कुठे सैल पडला ते पर्यायावर खूण करून कळत नाही. ड्यूक विद्यापीठाने २०१३ साली ‘कोर्सेरा’वर पहिल्या वर्षाच्या लेखनाचा अभ्यासक्रम खुला केला तेव्हा यावर सहाध्यायींनी एकमेकांचे मसुदे वाचण्याचा मार्ग काढला. तो मार्ग बरा आहे. ज्याला स्वतःला अजून लिहिता येत नाही तो दुसऱ्याला काय सांगणार, ही शंका रास्त असली तरी ‘इथे मला समजले नाही’ एवढे तो नक्की सांगू शकतो, आणि लिहिणाऱ्याला सर्वांत आधी तेच कळायला हवे असते.

व्हिडिओतून काय उचलायचे आणि गावात राहून काय करायचे, हे एका विषयावर दाखवता येते. ‘गोंदिया जिल्ह्यातील शेतकऱ्यांच्या समस्या : एक अभ्यास’ हे प्रोजेक्टचे नाव दर वर्षी कुठल्या ना कुठल्या बाइंडिंगवर छापलेले असते. त्यातून काही निष्पन्न होत नाही, कारण त्यात प्रश्नच नाही. लेखन-अभ्यासक्रमाचा पहिला धडा विषय लहान करण्याचा. जिल्ह्यात माजी मालगुजारी तलाव, म्हणजे लोकांच्या तोंडी ‘मामा तलाव’, गावोगावी आहेत. त्यांतले अनेक कोहळी समाजाने बांधले. १९५०-५१ मध्ये मालगुजारी संपली आणि तलाव सरकारकडे आले. आता प्रश्न असा बांधता येतो : अर्जुनी मोरगाव तालुक्यातील एका ठरावीक तलावाचे पाणी मालगुजारी संपण्याआधी कोणत्या बांधीला (धानाच्या खाचराला) कोणत्या क्रमाने मिळे, आणि आज तो क्रम कोण ठरवतो? हा प्रश्न एका सत्रात पुरा होण्याजोगा आहे, त्याचे उत्तर कोणत्याही संकेतस्थळावर आयते नाही, आणि उत्तर शोधणाऱ्याला पाळीवर जाऊन पाणी सोडण्याचे तुडूम पाहावेच लागते.

यानंतर आधारांचा धडा, आणि इथे परगावच्या प्राध्यापकाला ठाऊक नसलेल्या अडचणी येतात. १९९९ पूर्वीच्या कोणत्याही कागदात ‘गोंदिया जिल्हा’ शोधून उपयोग नाही. सगळे ‘भंडारा’ या नावाखाली आहे. १९०८ साली आर. व्ही. रसेल यांनी संपादित केलेले मध्य प्रांताचे भंडारा गॅझेटियर इंटरनेटवर वाचता येते आणि त्यात तलाव, धान, कोहळी यांविषयी भरपूर मजकूर आहे. इंग्रजीत जिल्ह्याचे नाव दोन प्रकारे लिहिले जाते, ‘Gondia’ आणि ‘Gondiya’; २०११ च्या जनगणनेत ते दुसऱ्या रूपात येते, दोन्ही रूपे टाकून शोधले नाही तर निम्मे साहित्य निसटते. गावकऱ्यांचे पाणी, चराई, जळण यांवरील हक्क ज्यात नोंदले आहेत ते निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज हे जुन्या मध्य प्रांताचे कागद महसूल दप्तरात असतात, ऑनलाइन नव्हेत. जिल्हा परिषदेच्या लघु पाटबंधारे विभागाकडे तलावांची यादी असते. आणि तलावात पसरलेल्या बेशरमच्या झुडपांमुळे मासे कसे घटले, ते मासेमार ढीवर कुटुंबातील म्हातारी बाई जितके नेमके सांगेल तितके कोणताही अहवाल सांगणार नाही. तिचे बोलणेही आधारच आहे. फक्त तिची परवानगी घेऊन, तारीख आणि ठिकाण नोंदवून, तिच्या शब्दांत लिहून ठेवायला हवे.

प्रबंध शोधण्यासाठी ‘शोधगंगा’ हे गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राचे भांडार आहे. देशभरातील विद्यापीठांचे पीएच.डी. प्रबंध तिथे मोफत मिळतात. मराठी विद्यार्थ्याला तिथे एक खास अडथळा भेटतो. जुने मराठी प्रबंध कृतिदेव किंवा श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये टाइप केलेले किंवा नुसते स्कॅन केलेले असतात. डोळ्यांना ते मराठी दिसते, पण शोधयंत्राला दिसत नाही. त्यामुळे प्रबंधाच्या आत शब्द शोधण्यावर विसंबू नये. शीर्षक, विद्यापीठ, विभाग आणि मार्गदर्शक यांच्या नावाने यादी चाळावी. स्वतःचे लेखन युनिकोडमध्येच करावे; टायपिंगच्या दुकानात कृतिदेवमध्ये करून घेतलेले चाळीस पानांचे काम पुढे कुणालाच सापडत नाही. सशुल्क नियतकालिकांसाठी १ जानेवारी २०२५ पासून ‘एक राष्ट्र एक सदस्यता’ योजना सुरू झाली असून पहिल्या टप्प्यात ती केंद्र आणि राज्य सरकारच्या संस्थांसाठी आहे. अनुदानित महाविद्यालयांना इन्फ्लिबनेटचीच ‘एन-लिस्ट’ ही सोय घेता येते. तिचा पासवर्ड ग्रंथपालाकडून मिळतो. तो मागून घ्यावा लागतो, आणि मागावाच.

युक्तिवाद कसा उभा करायचा याचा उत्तम नमुना परदेशी पाठ्यपुस्तकात शोधायची गरज नाही. तो आमगावाजवळ आहे. नाटककार भवभूतीने आपल्या पूर्वजांचे गाव दक्षिणापथातील पद्मपूर असल्याचे स्वतःच नाटकांच्या प्रस्तावनांत सांगितले आहे आणि ‘मालतीमाधवा’च्या काही पाठांत विदर्भाचाही उल्लेख येतो. पण हे पद्मपूर कुठले? रा. गो. भांडारकरांनी ते चांद्याच्या बाजूला असावे असा तर्क केला. त्या भागातील तैत्तिरीय शाखेची ब्राह्मण कुटुंबे हा त्यांचा आधार. नागपूरचे वा. वि. मिराशी यांनी वेगळी वाट घेतली. दुर्ग भागात सापडलेला वाकाटकांचा एक अपुरा ताम्रपट पद्मपूर इथून दिलेला आहे. वाकाटकांची सत्ता, ताम्रपट सापडल्याची जागा आणि आमगावाजवळचे पदमपूर हे गाव व तेथील जुने अवशेष यांची सांगड घालून त्यांनी भवभूतीचे पद्मपूर हेच, असा निष्कर्ष काढला. आमगावच्या महाविद्यालयाला भवभूतीचे नाव आहे ते या अभिमानातूनच.

विद्यार्थ्याने पाहायचे ते असे. मिराशींनी नुसते नावाचे साम्य दाखवून काम उरकले नाही. नावे तर कितीही गावांची सारखी असतात. त्यांनी आधीच्या विद्वानाचे मत मांडले, त्याचा आधार काय ते सांगितले, मग स्वतःचा पुरावा वेगळ्या जातीचा आणला : ताम्रपट आणि जुन्या अवशेषांचा. वाचकाला निष्कर्ष मान्य नसला तरी कोणत्या कडीवर बोट ठेवायचे ते त्याला दिसते. ताम्रपटातील पद्मपूर आणि नाटकातील पद्मपूर एकच कशावरून, अशी शंका कोणी घेतली तर ती शंका घेण्याची जागा लेखकानेच मोकळी ठेवलेली असते. शोधलेखनाची प्रतिष्ठा यातच आहे, आणि पदवीच्या प्रोजेक्टलाही हाच कस लावायला हवा. आमगावच्या मुला-मुलींना हे उदाहरण पहिल्या वर्षी शिकवले गेले तर संदर्भ देणे हा गुण मिळवण्याचा सोपस्कार वाटणार नाही.

संदर्भ देण्याच्या पद्धतींविषयी ऑनलाइन अभ्यासक्रम भरभरून सांगतात : एपीएची सातवी आवृत्ती, एमएलएची नववी. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाची ऑनलाइन लेखनशाळा हे सगळे मोफत समजावून देते आणि इंग्रजीत लिहिणाऱ्याने ती अवश्य वापरावी. मराठीत अशी शाळा नाही. स. गं. मालशे यांचे ‘शोधनिबंधाची लेखनपद्धती’ हे पुस्तक जुने झाले तरी अजून उपयोगी आहे, मो. रा. वाळंबे यांचे व्याकरण आणि यास्मिन शेख यांची लेखनविषयक पुस्तके शुद्धलेखनाला पुरतात, भाषा संचालनालयाचे परिभाषाकोश आणि मराठी विश्वकोश इंटरनेटवर आहेत. पण शके आणि इसवी सन यांची सांगड, ‘तत्रैव’ कुठे लिहावे, ढीवर बाईच्या मुलाखतीची नोंद सूचीत कशी करावी, यावर विद्यापीठाविद्यापीठांत एकवाक्यता नाही. तोवर एकच पथ्य : एक पद्धत निवडावी आणि शेवटच्या पानापर्यंत तीच पाळावी.

वाङ्मयचौर्याविषयी नियम कडक झाले आहेत. आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार प्रबंधातील १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही. १० ते ४० टक्के असेल तर सुधारून पुन्हा सादर करावे लागते, ४० ते ६० टक्क्यांना एक वर्षाची बंदी, त्याहून अधिक असल्यास नोंदणीच रद्द. हे आकडे यंत्राने मोजलेल्या साम्याचे आहेत, प्रामाणिकपणाचे नव्हेत. मराठी मजकुरात यंत्र पुष्कळ चोरी पकडूच शकत नाही, कारण मूळ पुस्तक इंटरनेटवर नसते. आणि इंग्रजीतून उचलून मराठीत उतरवलेले तर हमखास सुटते. २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी आले आणि प्रश्न आणखी वाढला. अशा साधनाला तलावावर निबंध मागितला तर ते तलावांचे महत्त्व सांगणारी गुळगुळीत दोन पाने देते. त्यात ना पाळ, ना तुडूम, ना त्या गावाचे नाव. नसलेली पुस्तके संदर्भ म्हणून देण्याची त्याची खोडही आता सर्वांना ठाऊक झाली आहे. नेमका, स्थानिक, स्वतः जाऊन पाहिलेला विषय निवडणे हाच या मोहावरचा टिकाऊ उपाय आहे.

भाषेचा पेच सर्वांत अवघड. गोंदियातील विद्यार्थी घरी पोवारी, झाडीबोली, गोंडी, छत्तीसगडी किंवा हिंदी बोलतो, शाळा मराठीत किंवा हिंदीत करतो, आणि स्वयम्‌वरचा लेखनपाठ इंग्रजीत ऐकतो. एनपीटीईएलच्या काही अभ्यासक्रमांची मराठी भाषांतरे मिळतात, पण लेखन शिकवणारा पाठ नुसता भाषांतरित करून भागत नाही. उदाहरणेही त्या भाषेतली हवीत. इंग्रजी कच्चे म्हणून विचार कच्चा ठरवण्याची चूक शिक्षक करतात आणि विद्यार्थीही स्वतःबाबत करतो. पहिला मसुदा ज्या भाषेत प्रश्न सुचला त्या भाषेत लिहावा, मग तो सादर करायच्या भाषेत आणावा. मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्या निमित्ताने येणाऱ्या निधीतून मराठी शोधलेखनाचा एक नीट बांधलेला ऑनलाइन अभ्यासक्रम तयार झाला तर तो समारंभांपेक्षा मोलाचा ठरेल.

वेळेचे गणितही इथे वेगळे आहे. स्वयम्‌चे एक सत्र जुलैत सुरू होते, त्याच वेळी धानाची रोवणी असते. पऱ्हे उपटायला घरातील प्रत्येक हात लागतो. परीक्षा ऑक्टोबर-नोव्हेंबरात येतात तेव्हा कापणी आणि चुरणा. दुसरे सत्र जानेवारीचे. त्याचा शेवट मार्च-एप्रिलात मोहफुलांवर येतो आणि मे महिन्यात तेंदूपत्ता. ज्यांच्या घरी शेती किंवा वनउपज आहे त्यांनी जानेवारीचा, आणि शक्यतो चार किंवा आठ आठवड्यांचा अभ्यासक्रम घ्यावा; तो लवकर संपू शकतो. जंगलाच्या बाजूच्या गावांत रेंज मिळेलच असे नाही, म्हणून व्हिडिओ तालुक्याच्या ठिकाणी आले असताना उतरवून घ्यावेत आणि वाचनसाहित्य छापून. परीक्षेचे शहर नोंदणीच्या वेळी निवडावे लागते. गोंदिया यादीत नसेल तर नागपूरचा प्रवास धरून चालावे.

उरते ते मसुदा वाचणारे माणूस. हे काम व्यासपीठ करत नाही, ते महाविद्यालयानेच करायला हवे, आणि त्याला फार खर्च नाही. एका शिक्षकाने सात-आठ विद्यार्थ्यांना एकाच ऑनलाइन अभ्यासक्रमात नाव नोंदवायला लावावे, आठवड्यातून एक तास ग्रंथालयात बसवावे, आणि प्रत्येकाने त्या आठवड्यात लिहिलेले एक पान मोठ्याने वाचावे. ‘तलाव हे मानवी जीवनाचे अविभाज्य अंग आहे’ हे वाक्य अशा बैठकीत एकदाच टिकते. दुसऱ्या वेळी कोणीतरी ‘कोणता तलाव?’ असे विचारतेच. शिक्षकाने लाल शाईने चुका दुरुस्त करून देण्यापेक्षा समासात प्रश्न लिहावेत आणि तेच पान पुन्हा लिहून मागावे. तीनदा लिहिलेले एक पान विद्यार्थ्याला जितके शिकवते, तितके एकदा लिहून बाइंडिंग केलेली चाळीस पाने शिकवत नाहीत.

ऑनलाइन अभ्यासक्रम एकट्याने पुरेसा नाही, तरी तो घेण्याजोगा आहे. नियम, रचना, संदर्भपद्धती आणि शोधाची साधने तो फुकट आणि चांगली शिकवतो, आणि गोंदियात बसून ती शिकण्याचा दुसरा तितका सोपा मार्ग आज नाही. जिल्ह्यातील महाविद्यालयांनी येत्या जानेवारीच्या सत्रासाठी अभ्यासक्रमांची यादी आणि क्रेडिटची संमती डिसेंबरातच सूचनाफलकावर लावावी, आणि तिच्या शेजारी मसुदे वाचणाऱ्या शिक्षकाचे नाव व वेळही लिहावी.